गव्हासारखी जपलेली कॉफी

मी कॉफी निवडते असं सांगितलं की माणसं दोन गोष्टी विचारतात. कॉफीत निवडायचं काय असतं, आणि त्याचा पगार कोण देतं. दोन्हींची उत्तरं मला तोंडानं नीट देता येत नाहीत. चौथीत बाईंनी वर्गासमोर कविता म्हणायला उभं केलं तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली, ती अजून पुरती सुटलेली नाही. त्याच वर्षी शाळाही सुटली. लिहायला मात्र बरं असतं. कुणी तोंडाकडे बघत बसत नाही. म्हणून काळेवाडीतल्या आमच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी पाणी भरून झालं की मी थोडं थोडं लिहिते. कुणाला दाखवायचं नाही, पण कुणी बघितलंच तर त्याला कळावं एवढं स्वच्छ लिहायचं, असं ठरवलं आहे.

आमची शेड चाकणच्या एमआयडीसीत, दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात. एका बाजूला पत्रा ठोकतात, दुसऱ्या बाजूला रबर तापवतात आणि मध्ये आम्ही कॉफी भाजतो. रबराच्या बाजूच्या खिडक्या रेवती मॅडमनी कायमच्या बंद केल्या आहेत. मॅडम म्हणजे शेडच्या मालक. आधी त्या माणच्या आयटी पार्कात कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. तिथली मशीनची कॉफी पिऊन पिऊन वैतागल्या आणि स्वतःच भाजायला लागल्या, असं त्या सांगतात.

कॉफी फार लोभी असते. शेजारी ज्याचा वास असेल तो ओढून घेते. म्हणून आम्हाला कामावर गजरा नाही, वासाचं तेल नाही, डब्यात बोंबील तर नाहीच नाही. दसऱ्याला भाजायच्या मशीनची पूजा होते, पण उदबत्ती बाहेर रस्त्यावर लावायची. मशीन चालवणारे जाधवभाऊ तिथूनच मशीनला ओवाळतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, हा माणूस समोरच्या ट्रकची पूजा करतोय.

आता निवडणं. कॉफीचं फळ लाल असतं, म्हणतात. मी फोटोत पाहिलं आहे. त्याचं साल काढून, वाळवून, टरफल काढून जी बी आमच्याकडे येते ती हिरवट, फिकी, शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीसारखी. तिला कसलंच रंगरूप नाही. ती टेबलावर पसरायची आणि त्यातलं वाईट काढायचं. काळं पडलेलं, फुटलेलं, टाचणीएवढं भोक असलेलं म्हणजे आत कीड जाऊन आलेली, आणि एक शिंपल्यासारखं पोकळ. भाजताना पोकळ बी आधी जळते आणि सगळ्यांना आपला धूर देते. एका नासक्या बीनं अख्खा कप जातो. आमच्या मंदाताई म्हणतात, "एका नणंदेनं अख्खं लग्न जातं, तसं."

मंदाताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. जन्म काळेवाडीतला, वडील कंपनीत कामगार, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि तोंडात सदा एक उत्तर तयार. मी बीडकडची, लग्न होऊन इकडे आले. आमच्या दोघींचं छान जमतं, कारण त्या दोघींच्याही वाटचं बोलतात.

कॉफीच्या आधी मी भोसरीला रबराचे वॉशर निवडायचे. चांगला इकडे, वाईट तिकडे. बारा महिने काळे वॉशर बघून बघून डोळा असा तयार झाला, की भाजीवाल्याकडच्या भेंड्याही मी तशाच बघते. मग तिथं कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला चहाची सुट्टी लागत नाही, तेव्हा त्यालाच ठेवलं आणि आम्हाला जायला सांगितलं. इकडे कॅमेरा घ्यायचा विषय अजून पुढे गेलेला नाही. निघाला की आम्ही दोघी खोकतो.

शेडला पुढे एक खिडकी आहे. तिथं पाकिटं विकतात. खिडकीवर बसायची पाळी माझी असली की मंदाताई शेजारी येऊन उभ्या राहतात, कारण गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी पाकीट पुढे करते आणि मान खाली घालते. एकदा माणचा एक पोरगेला इंजिनिअर आला. खिशात थर्मामीटर.

"मावशी, पाणी उकळल्यावर किती वेळ थांबायचं?"

"थोडं थांबायचं," मंदाताई म्हणाल्या.

"थोडं म्हणजे किती सेकंद?"

"नवऱ्याला एकदा हाक मारायची. तो 'काय गं' म्हणेपर्यंत."

"माझं लग्न नाही झालं अजून."

"मग राजा, तू गरमच पी."

दिघीचे एक म्हातारे गृहस्थ यायचे. फौजेतून निवृत्त, मिशी एकदम ताठ. त्यांना डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती. ते भाजायच्या दिवशी बरोबर येत, खिडकीखालच्या स्टुलावर बसून डोळे मिटून वास घेत आणि उठताना म्हणत, "आज जरा कडक झालीय, जाधव." जाधवभाऊंना राग यायचा. "राव, फुकट वास घेतात आणि वर नावं ठेवतात." पण एका भाजायच्या दिवशी म्हातारे आले नाहीत, तर भाऊ दोनदा बाहेर जाऊन स्टूल बघून आले.

आणि चव. भाजून झालं की ओळीनं वाट्या मांडतात आणि चमच्यानं कॉफी ओढायची असते, भुरका मारून. जितका मोठा भुरका तितकी चव चांगली कळते, असं मॅडम म्हणतात. माझ्या सासूबाईंनी मला आयुष्यभर सांगितलं, बाईमाणसानं भुरके मारू नयेत. इथं पगार देऊन शिकवतात. मंदाताईंचा भुरका ऐकून पलीकडचे पत्रा ठोकणारे थांबतात. मला ते जमलं नाही. मी चमचा तोंडात घालायचे आणि आवाज न करता गिळून टाकायचे. खरं सांगायचं तर आम्ही सगळ्या चहावाल्या. दिवसभर कॉफीत हात घालून घरी जाऊन चहा प्यायचा. कॉफी ही दुसऱ्यांनी प्यायची गोष्ट.

हिराबाई पहिल्यांदा आल्या तो दिवस फोटोचा होता.

खेड तालुक्याच्या वरच्या डोंगरात त्यांची वाडी आहे. तिथल्या बायका पूर्वीपासून हिरडा गोळा करून विकायच्या. एका संस्थेनं त्यांना कॉफीची रोपं दिली. हिरड्याच्या सावलीत लावा, झाड एकही तोडू नका, औषध मारू नका, फळाच्या सालीचं खत परत झाडालाच घाला, असं शिकवलं. वाडीतल्या पुरुषांनी दगडधोंड्याचा एक उतार बायकांना देऊन टाकला. तिथं हिरड्याच्या झाडांखाली कुसळाशिवाय काही येत नव्हतं, तेव्हा देताना कुणाला जड गेलं नाही. बायकांनी डोक्यावरून पाणी नेऊन रोपं जगवली. पहिलं पीक थोडंसं आलं ते मॅडमनी घेतलं. हिराबाई त्या बायकांच्या म्होरक्या.

माणच्या एका कंपनीच्या कँटीनला ही कॉफी पाहिजे होती आणि भिंतीवर लावायला शेतकरी बाईचा फोटो पाहिजे होता. फोटोवाला अर्ध्या चड्डीत आला. येताना भाड्यानं नऊवारी आणि बांबूची टोपली घेऊन आला. त्यानं आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली आणि मंदाताईंना नऊवारी नेसायला लावली.

"अरे भावा, मी शेत बघते ते टीव्हीत," मंदाताई म्हणाल्या. पण नेसल्या. टोपलीत लाल फळं पाहिजेत, ती कुठून आणायची? त्यानं मॉलमधून बारके लाल टोमॅटो आणले होते.

तेवढ्यात हिराबाई आत आल्या. गुळगुळीत छापील साडी, खांद्याला पर्स, हातात मोबाईल. पहिल्यांदाच शेड बघायला आलेल्या. त्या टोपलीपाशी जाऊन वाकून बघायला लागल्या.

"हे कंचं पीक म्हनायचं?"

"काकू, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा," फोटोवाला म्हणाला.

त्या पर्स छातीशी धरून बाजूला झाल्या. मला माहीत होतं त्या कोण ते, गेटवर त्यांनी नाव सांगताना मी ऐकलं होतं. पण जीभ हलेना. मॅडम आतून आल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो, ज्यांचा फोटो काढायचाय त्या ह्या!"

फोटोवाल्यानं हिराबाईंना खालपासून वरपर्यंत बघितलं. "पण ह्या शेतकरी वाटत नाहीत."

"मग काय वाटते? तहसीलदार?" हिराबाई म्हणाल्या.

शेवटी दोघींचा फोटो काढला. तो काढून होईपर्यंत हिराबाईंनी टोपलीतलं निम्मं पीक खाऊन संपवलं.

नंतर त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. मी बोलत नाही म्हणून लोक माझ्यापाशी खूप बोलतात. त्यांनी सांगितलं, उतार आता सगळ्यांच्या डोळ्यांत आलाय. खाली धरणाचं पाणी दिसतं ना. पुण्याचा एक एजंट येऊन गेला, तिथं फार्महाऊसचे प्लॉट पाडतो म्हणाला. हिराबाईंचे दीर किसनराव त्याच्या बाजूचे. उतार वाडीनं बायकांना दिला तरी जमीन हिराबाईंच्या घरची, सातबारावर नाव दिरांचं. शेवटी वाडीच्या बैठकीत असं ठरलं, की पुढच्या सालचा माल कॉफीवाल्या मॅडमनी पास केला तर उतार बायकांकडे राहील. नाही केला तर किसनराव सही करतील आणि बायकांनी पुन्हा त्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या टेबलाखालच्या घमेल्याकडे गेलं. त्यात फेकायच्या बिया होत्या.

"ह्या कुनाच्या?"

मी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

त्यांनी एक बी उचलून उजेडात धरली, भोक बघितलं. साठवताना कीड लागली होती. त्यांनी त्यातल्या मूठभर बिया पदराला बांधल्या आणि मॅडमकडे जाऊन विचारलं, "काय करू सांगा." मॅडमना कुठेतरी जायची घाई होती. त्या म्हणाल्या, "कडक वाळवा आणि जपून ठेवा हो. घरच्या गव्हासारखं जपा."

पुढच्या वर्षी, उन्हं तापायला लागली तेव्हा, हिराबाईंची पोती जीपनं आली. त्या स्वतः किसनरावांबरोबर चाकणच्या बाजारच्या दिवशी निकाल ऐकायला येणार होत्या. पोतं फोडलं तर काय सांगावं! एक फुटकी बी नाही, एक काळी नाही, भोकाचं तर नावच नको. वाडीतल्या बायकांनी आमच्याआधीच निवडली होती.

"आता आपल्याला घरी बसवतात बघ," मंदाताई म्हणाल्या.

पण बिया चमकत होत्या. हिरवी कॉफी कधी चमकत नाही. आणि हात घातला की बोटांतून सुळकन निसटत होत्या, जणू लग्नातल्या पाहुण्यानं हात मिळवून सोडवून घ्यावा. मी बोटांचा वास घेतला. मंदाताईंनी घेतला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मंदाताईंनी जाधवभाऊंच्या नाकाखाली हात धरला आणि भाऊंनी तोंड असं केलं, जसं ते सहा वर्षांचे आहेत आणि आई चमचा घेऊन मागे लागली आहे.

"एरंडेल!"

मॅडमनीही एका वासात ओळखलं. त्यांना लहानपणी सुट्टी संपताना त्यांची आजी द्यायची म्हणे. आम्हा कुणालाच ते कुणी सांगायला लागलं नाही. वर्षाची तूरडाळ, गहू, तांदूळ भरून ठेवताना आपण एरंडेलाचा हात फिरवतो, किडा लागत नाही. हिराबाईंना सांगितलं गव्हासारखं जपा, त्यांनी गव्हासारखं जपलं. एकेका बीला हात लावून जपलं. कॉफीला गव्हासारखं जपलं तर ती जाते, हे त्यांना कळायला त्यांनी कधी कॉफी प्यायला तर हवी होती!

मॅडम टेबलाच्या कडेला बसल्या. "मीच म्हणाले होते," एवढंच म्हणाल्या. थोडी कॉफी भाजून बघितली. मशीनमधून असा धूर निघाला की रबरवाले तक्रार करायला आले. आजवर आम्ही त्यांची तक्रार करत आलो होतो, त्यांना फार आनंद झालेला दिसला. पुसून बघितली, उन्हात घालून बघितली. काही उपयोग नाही. लोभी कॉफीनं एरंडेल पोटात घेतलं होतं.

आता प्रश्न असा, की सांगायचं कुणी. मंदाताई सांगायला तयार होत्या, पण मॅडम म्हणाल्या, "नको, तुम्ही हसाल." मग माझ्याकडे वळल्या. "वत्सलाताई, तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर त्या नुसतं 'व्हय मॅडम' म्हणतील आणि निघून जातील. तुमच्यापाशी त्या बोलतात."

मी मान हलवली ती नाही म्हणायला. मॅडमना ती हो वाटली की त्यांनी तशी वाटून घेतली, देव जाणे.

त्या दिवशी भोसरीला बस बदलताना मी मनात वाक्य जुळवत होते. हिराबाई, तुमची कॉफी. हिराबाई, तुम्ही तेल. हिराबाई, वाईट वाटून घेऊ नका. एकही वाक्य पुरं होईना. एवढ्या मायेनं केलेल्या कामाला नासकं कसं म्हणायचं? आणि त्या एका शब्दानं तो उतार जाणार, हिरड्याची झाडं जाणार, तिथं कुणाचा तरी पोहायचा तलाव होणार. टेबलावर मी रोज हजार बिया बाजूला सारते. पण त्या बियांनी कधी समोर बसून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

त्या आल्या. डोक्यावर पदर, पायात नव्या चपला. किसनराव दारातल्या खुर्चीवर बसले, मोबाईल हातात तयार. हिराबाई माझ्यासमोर बसल्या.

"बोला बाई. कसा हाय आमचा माल?"

मी तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. मी तोंड मिटलं आणि उठले. त्यांच्याच पोत्यातली, भाजून बघितलेली कॉफी दळली, गरम पाणी ओतलं, कप भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"ही आमची?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"आमची मी कवा प्याले न्हाई बाई अजून." त्यांनी कप दोन्ही हातांनी उचलला. आधी कपाळाला लावला, नवं धान्य घरात येतं तेव्हा लावतात तसा. मग बशीत ओतून एक घोट घेतला.

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. डोळे मिटले, नाक वर गेलं, घोट आत न्यावा की बाहेर काढावा ते कळेना. शेवटी गिळला.

"अगं बया! ही कॉफी हाय का जुलाब?"

मंदाताईंना आवरलं नाही. मला पण नाही. जाधवभाऊ मशीनमागे जाऊन हसले. हिराबाईही हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. हसता हसता त्यांचा हात थांबला. त्यांनी बशीचा वास घेतला. मग आपल्या तळहाताचा घेतला.

"आमचंच तेल," त्या म्हणाल्या.

पलीकडे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

किसनराव दारातून म्हणाले, "झालं का वयनी? मी म्हनत हुतो ना, ज्याचं काम त्यानं करावं. लावू का फोन?"

हिराबाई खाली बघत होत्या. मॅडम आतल्या दारात उभ्या होत्या. मला त्या क्षणी काय झालं, माहीत नाही. मला एवढंच दिसलं की एवढी स्वच्छ निवडलेली पोती आली, तर मग निवडून काढलेलं कुठेतरी असणार. चाळीस माणसांचा स्वयंपाक करून बाई मागे काय ठेवते, ते बाईलाच माहीत असतं.

"हिराबाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मागं काय ठेवलंय घरी?"

"मागं? मागं गाळ हाय. बारीक, फुटकं, किडकं. चांगलं चांगलं तुमाला दिलं."

"त्याला तेल लावलंय?"

"त्याला कशाला लावू? तेल काय फुकट येतं? नुसतं वाळवून पोत्यात घालून ठिवलंय. खतात टाकायचं म्हनून."

"ते आणा."

किसनराव हसले. "आवो बाई, त्यो कचरा हाय."

"कचऱ्यातून चांगलं काढायचं, हाच तर आमचा धंदा आहे," मी म्हणाले. मंदाताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं खुर्चीच बोलायला लागली.

मॅडम पुढे आल्या. "किसनराव, बैठकीत काय ठरलं होतं? ह्या सालचा माल. तो सगळा अजून आलेला नाही. सगळा बघितल्याशिवाय मी पास नापास कसं सांगू?"

किसनरावांनी जरा विचार केला. बैठकीचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी मोबाईल खिशात घातला.

गाळाची पोती आली आणि त्यांच्याबरोबर वाडीतल्या बायकाही आल्या. मॅडमनी त्यांना बोलावलं होतं. आमची टेबलं पुरेनात. मग खाली सतरंज्या घातल्या, सुपं आणली आणि अख्खी शेड निवडायला बसली. कंपनीची शेड राहिली नाही, लग्नघर झालं. त्या बायका सुपात पाखडून पोकळ बी झटक्यात बाहेर काढायच्या. आम्ही दोघी बोटांनी एकेक उचलणाऱ्या, बघतच राहिलो. साधा डाग दिसला तरी मात्र त्या किडकं म्हणून टाकायच्या, त्यातला फरक आम्ही दाखवला. बारकं भोक, मोठं भोक, आणि भोक वाटतं पण नुसता डाग. फळ झाडावर कसं दिसतं, माकडं कुठलं खातात, कोणतं कच्चं म्हणून सोडतात, ते त्यांनी सांगितलं. मंदाताईंनी त्यांना इंजिनिअरची गोष्ट सांगितली. एक म्हातारी म्हणाली, "माज्या नवऱ्याच्या 'काय'ची वाट बघत बसले असते, तर कॉफी गारच झाली असती."

पोत्यांतून निघाली फार थोडी. पण जी निघाली ती फिकी, कोरडी, बिनचमकीची. एकदम खरी.

चव घ्यायला मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. किसनरावही आले होते. ओळीनं वाट्या मांडल्या. मॅडमनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "ज्यांनी पिकवली त्या आधी."

हिराबाईंनी चमचा उचलला आणि असा भुरका मारला की मंदाताईंचं राज्य त्या दिवशी संपलं. त्या थांबल्या. जीभ टाळूवर फिरवली.

"गुळाची ढेप फोडल्यावर तळाला जे चिकट ऱ्हातं ना, तसं लागतंय."

"जांभळाची साल," दुसरी म्हणाली.

"मला तर काकवी लागली बाई."

मॅडम त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेत होत्या. ते पुढे पाकिटावर छापले. माझी पाळी आली. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि, काय सांगू, ओढला. आवाज झाला. पत्रा ठोकणारे थांबले की नाही ते मी बघितलं नाही, पण गूळ मलाही लागला. मॅडमनीही एक चमचा ओढला आणि वहीत मोठ्या अक्षरात 'पास' लिहिलं.

किसनरावांनी शेवटी घेतली. एक चमचा. मग वाटीच उचलली. "साखर असती तर," असं म्हणत सगळी प्यायले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, हिराबाईंकडे बघितलं.

"हां, बोला साहेब. न्हाई, न्हाई जमायचं. न्हाई वो. माल पास झालाय." आणि जरा थांबून म्हणाले, "कॉफी हाय तिथं. आमच्या बायकांची."

मंदाताई मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "बघ, बायकांना दिला तेव्हा नुसते दगड होते तिथं."

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. तेल लावलेली ती देखणी पोती. एवढी सुंदर निवडलेली कॉफी मी पुन्हा पाहिली नाही. ती परत वाडीला गेली आणि फळांच्या सालींबरोबर त्याच झाडांच्या मुळाशी खतात पडली. जाधवभाऊ म्हणाले, "आता त्या झाडांना जुलाब होतील." झाले नाहीत.

आता वाडीत पद्धत पडली आहे. पोती शिवायच्या आधी बायका स्वतः थोडी कॉफी तव्यावर भाजून पितात आणि मगच पाठवतात. पसंत नसली तर त्या आम्हाला फोन करून सांगतात, आम्ही त्यांना सांगायच्या आधीच. मी पण घरी सकाळी एक कप कॉफी घेते आता. चहा नंतर.

मला तो उतार अजून बघायला मिळालेला नाही. गुडघे डोंगर चढू देत नाहीत. हिराबाई म्हणतात, डोलीत घालून नेते. मंदाताई म्हणतात, तिला नेलं तर मलाही न्यायचं, आणि मग डोलीला क्रेन लागेल.

तेलाच्या पोत्यांनंतरच्या हंगामाचं पहिलं पोतं आलं तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. आधी हात घालायला कुणी पुढे होईना. मग मी घातला. बिया बोटांना खरखरीत लागल्या. वास घेतला. कसलाच नाही, नुसता वाळलेल्या गवताचा. मॅडमनी पोतं पुढे ओढलं आणि त्यात दोन्ही हात घातले.

जीपवाला परत आत आला. "ही पिशवी राहिली. वत्सलाबाईला द्या म्हणाल्यात."

पिशवीत एक बाटली होती, घरी काढलेल्या एरंडेलाची, फडक्यात गच्च गुंडाळलेली. निरोप तोंडी होता. जीपवाल्यानं तो दारातूनच मोठ्यानं सांगितला, सगळ्या शेडला ऐकू जाईल असा:

"हिराबाई म्हणाल्या, गुडघ्याला लावा आणि चढून या. तेल यंदा वेगळ्या पिशवीत पाठवलंय."